खोली आधी की शाळा आधी?



जून महिना उजाडला की आमच्या शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर नवीन माणसे दिसू लागतात. कोणी शिंदखेड्याकडचे, कोणी नवापूर-नंदुरबारकडचे, कोणी अमळनेर-पारोळ्याकडचे. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद, बाजूला दोन मुले. त्यांतल्या धाकट्याला सुरतची दमट हवा अजून मानवलेली नसते. आम्ही विचारतो, "भाऊ, राहायला कुठे?" उत्तर येते, गोडादरा, डिंडोली, नवागाम, कधी थेट सचिन. "खोली घेतली का?" "घेतली ना सर. डिपॉझिटही देऊन टाकले. आता पोरांच्या शाळेचे तेवढे बघा."

खोली आधी आणि शाळा मागाहून, असा हा क्रम पडून गेला आहे. त्यात त्या माणसाचा मोठा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. कारखान्यात पाळी लगेच सुरू होते, नातेवाइकाकडे किती दिवस राहायचे हा संकोच असतो, म्हणून मिळेल ती खोली घेतली जाते. पण या घाईची किंमत पुढे मुलांना मोजावी लागते, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. विद्यार्थ्यांनी हा लेख घरी मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांच्यापैकी कोणाची दिवसपाळी असते, कोणाची रातपाळी, आणि हातात वार्तापत्र घेऊन बसायला त्यांना सवड नसते.

एका मुलीची हकीकत आधी सांगतो. नाव देत नाही. ती सहावीत आमच्याकडे आली, अभ्यासात चांगली होती, गणितात तर वर्गात पुढे. खोली होती रेल्वेच्या पलीकडे. पहिल्याच पावसाळ्यात गरनाळ्यात पाणी भरले की ती येत नसे. जुलै-ऑगस्टच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणाच जास्त दिसतात. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला, घरमालकाने भाडे वाढवले, कुटुंब पांडेसऱ्याला गेले. तिथे दुसरी शाळा, दुसरे शिक्षक. वर्षभराने पुन्हा खोली बदलली. आठवी कशीबशी झाली. नववीसाठी मराठी माध्यमाची शाळा नव्या खोलीपासून इतकी लांब होती की "एकटी कशी जाणार?" या प्रश्नावर घरातले सगळे थांबले. ती घरी बसली. आई साड्यांवर खडे चिकटवण्याचे काम घरी आणत असे, त्यात दोन हात वाढले.

या सगळ्यात कोणी वाईट वागले नाही. वडील मेहनती, आई मुलीला शिकवू पाहणारी. आणि आम्ही? दाखल करताना आम्ही जन्मतारीख विचारली, जात विचारली, मागील शाळेचा दाखला विचारला. "नववीला कुठे जाणार?" हे मात्र आम्ही विचारले नाही. तो प्रश्न सहावीतच विचारायला हवा होता.

सुरत आणि आपली माणसे

सुरत केवढ्या वेगाने वाढले ते आधी पाहू. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, २०११ मध्ये ती सुमारे ४४ लाख ६७ हजार झाली. मधल्या काळात, २००६ मध्ये, महानगरपालिकेची हद्दही वाढली, त्यामुळे आजूबाजूची गावे शहरात आली. ज्या डिंडोलीला जुनी माणसे अजून 'गाम' म्हणतात तिथे आज सोसायट्यांच्या रांगा आहेत. घरे भराभर उभी राहिली, शाळा त्या वेगाने उभ्या राहिल्या नाहीत. कुठल्याही वाढत्या शहरात असेच घडते. म्हणून 'नवी सोसायटी, पाणी चोवीस तास, खाली पार्किंग' एवढे पाहून घर घेणाऱ्याला पहिलीची शाळा सापडते, दहावीची सापडत नाही.

खानदेशातून येणारा माणूस तापीकाठच्या रेल्वेने येतो. उधना ते जळगाव हा सुमारे ३०६ किलोमीटरचा मार्ग म्हणजे आपल्या समाजाची दोरीच. गाडीतून उतरले की नातेवाईक असतात ते लिंबायत, उधना, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात, कारण यंत्रमाग, डाइंग-प्रिंटिंगच्या मिली आणि औद्योगिक वसाहती तिथेच. त्यामुळे 'कोणता विभाग निवडावा' हा प्रश्न वेसू किंवा सिटीलाइटमध्ये फ्लॅट शोधणाऱ्याला जसा पडतो तसा आपल्या बहुतेक पालकांना पडत नाही. आपली निवड एकाच पट्ट्यातल्या चार गल्ल्यांमधली असते. पण त्या चार गल्ल्यांतही फरक असतो. निवड लहान असली म्हणून ती डोळे झाकून करावी असे नाही.

जाता जाता एक गोष्ट मुलांसाठी. याच रेल्वेवर सोनगड आणि व्यारा ही स्टेशने लागतात. हा भाग पूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होता. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून पाहिला आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. हे सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. बाराव्या वर्षी, १८७५ मध्ये, ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नव्या शहरात, नव्या भाषेत पहिलीपासून सुरुवात करणारा हा मराठी मुलगा होता. पुढच्या वेळी गावी जाताना खिडकीतून सोनगडचा किल्ला पाहाल तेव्हा हे आठवा.

माध्यमाचा प्रश्न

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. एवढी माध्यमे चालवणारे शहर आपल्या देशात विरळाच. मराठी माध्यमाची पुस्तके गांधीनगरचे गुजरात राज्य शाळा पाठ्यपुस्तक मंडळ छापते, ती बालभारतीची नसतात. दहावीची परीक्षाही गुजरात बोर्डाची, पण मराठीतून देता येते. हे गावाकडून आलेल्या बऱ्याच पालकांना ठाऊकच नसते. त्यांना वाटते, गुजरातमध्ये आलो म्हणजे मराठी संपली.

दुसरा गोंधळ इयत्तांचा. महाराष्ट्रात पाचवीपासून मूल हायस्कुलात जाते अशी आपल्या मनात घडी बसलेली असते. येथे प्राथमिक शाळा पहिली ते आठवी आणि माध्यमिक नववीपासून. त्यामुळे शाळा बदलण्याची वेळ येते ती आठवीनंतर, म्हणजे मूल तेरा-चौदा वर्षांचे असताना. मुलगा असेल तर त्याला याच वयात कारखान्यातून बोलावणे येते. मुलगी असेल तर घरच्यांना याच वयात रस्त्याची काळजी वाटू लागते. म्हणून आमचे सांगणे असे की, मूल कोणत्याही इयत्तेत असो, घर शोधताना आधी नववी-दहावीची शाळा शोधा आणि तिथून मागे या. महानगरपालिकेच्या 'सुमन' माध्यमिक शाळांत काही ठिकाणी मराठी माध्यमाचे वर्ग आहेत, काही अनुदानित संस्थांच्या शाळा आहेत. पण मराठी प्राथमिक शाळांच्या मानाने मराठी माध्यमिक शाळा थोड्या. त्या कुठे आहेत हे खोलीचे डिपॉझिट देण्याआधी विचारा.

मग मराठीच माध्यम घ्यावे का? आम्ही मराठी माणसांच्या वार्तापत्रात लिहितो म्हणून 'होय' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तसे सरसकट सांगता येत नाही. चौथीपर्यंत गावाकडे मराठीत शिकलेले मूल थेट इंग्रजी शाळेत घातले आणि घरी शिकवणारे कोणी नाही, तर ते दोन वर्षे फक्त फळ्यावरचे उतरवून घेते. अशी मुले पुढे आमच्याकडे परत आलेली आम्ही पाहिली आहेत, वय वाढलेले आणि आत्मविश्वास गेलेला. उलट, येथेच जन्मलेले, गल्लीत गुजराती बोलणारे मूल गुजराती माध्यमात छान रमते. घरातला कोणी तरी, आई, बाप, मोठी बहीण, रोज अर्धा तास मुलाच्या पुस्तकातले वाचून समजावू शकेल ते माध्यम निवडावे. आमची कसोटी एवढीच आहे. पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिले आहे की नाही याने काही बिघडत नाही.

गुजरातीची भीती मात्र काढून टाका. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत, बोर्ड कोणतेही असो, पहिली ते आठवी गुजराती विषय शिकवणे बंधनकारक झाले आहे. आपल्या मुलांना ते जड नाही. वरची रेघ काढून टाकली की बरीचशी अक्षरे देवनागरीच. 'अ', 'ख', 'च', 'ज', 'फ', 'ब' अशी थोडी अक्षरे वेगळी दिसतात, ती पंधरा दिवसांत हातात बसतात. आणि ज्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते त्यांना तर गुजराती अर्धी येतेच. परवा एका आजींना शाळा किती लांब असे विचारले तर म्हणाल्या, "जोडेच शे." शेजारी बसलेल्या गुजराती पालकांना भाषांतर करून सांगावे लागले नाही.

रस्ता

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नकाशावर शाळा जवळ दिसते आणि पायाला लांब लागते. आपल्या भागात याला तीन कारणे आहेत.

एक म्हणजे रेल्वे. लिंबायत एका बाजूला, उधना दुसऱ्या बाजूला. मधून मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग जातो. समोर दिसणाऱ्या शाळेला जाण्यासाठी गरनाळ्यापर्यंत किंवा पुलापर्यंत वळसा पडतो. हा वळसा टाळायला मुले रूळ ओलांडतात. पालकहो, ज्या घरातून शाळेला जाताना रूळ ओलांडण्याचा मोह होईल ते घर भाडे कितीही कमी असले तरी घेऊ नका. आम्ही हे सौम्य शब्दांत लिहू शकत नाही.

दुसरे म्हणजे खाडी. बाहेरच्या लोकांना सुरतचा पूर म्हणजे तापीचा पूर वाटतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर रांदेर-अडाजणसारखे उत्तम समजले जाणारे भागही बुडाले होते, हे खरे. पण लिंबायत, परवत पाटिया या बाजूला तापी शांत असतानाही पाणी येते, ते मिठी खाडीचे. येथील वर्तमानपत्रे त्याला 'खाडीपूर' म्हणतात. खोली मे महिन्यात पाहिली जाते, तेव्हा सगळे कोरडे ठणठणीत असते. म्हणून दलालाला विचारू नका, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानदाराला विचारा, "गेल्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आले होते?" तो गोणी कोणत्या फळीवर उचलून ठेवल्या होत्या ते दाखवेल. भिंतीवरची ओल तर खोटे बोलतच नाही.

तिसरे कारण मोठे रस्ते. सचिनकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर जड वाहने असतात. उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी मार्गावर २०१४ पासून बीआरटीएस सुरू झाली, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना लांबची शाळा गाठणे शक्य झाले आहे. पण सहा-सात वर्षांच्या मुलाने तो रस्ता एकट्याने ओलांडू नये.

पाहण्याची रीत सोपी आहे. खोली पसंत पडली की तिथून शाळेपर्यंत एकदा चालत जा, आणि ते शाळा भरण्याच्या किंवा सुटण्याच्या वेळी. मुलाला बरोबर घ्या आणि त्याच्या चालीने चाला. मोठा माणूस दहा मिनिटांत जातो तिथे दप्तर घेतलेल्या पहिलीच्या मुलाला वीस लागतात. वाटेत दारूचा अड्डा, उघडी गटार, मोकाट कुत्री, काय काय लागते ते पाहा. दारूबंदीच्या राज्यात अड्डा कुठला, असे कोणी विचारील. त्यांनी एकदा आमच्याबरोबर चालावे.

पाळीचाही विचार करा. महानगरपालिकेच्या अनेक इमारतींत सकाळी एक शाळा भरते आणि दुपारी दुसरी. दोन भावंडांपैकी एक सकाळच्या पाळीत आणि एक दुपारच्या, अशी वाटणी झाली आणि आई-वडील दोघेही कामाला असले, तर घराची किल्ली कोणाकडे राहणार? मागावर बारा तासांची पाळी असते. रातपाळीहून आलेला बाप मुलाला शाळेत सोडतो आणि मग झोपतो, असे पुष्कळ घरांत चालते, आणि त्या बापांविषयी आम्हाला फार आदर आहे. पण ही व्यवस्था शाळा जवळ असेल तरच टिकते.

शाळेच्या आत काय पाहावे

रंगीत भिंतीवरून शाळा ओळखू नये. मुलींचे स्वच्छतागृह उघडे, वापरात आणि पाणी असलेले आहे का, ते आईने स्वतः आत जाऊन पाहावे. पिण्याच्या पाण्याची टाकी पाहावी. एखाद्या तिसरी-चौथीच्या मुलाला वही दाखवायला सांगावी. शिक्षकाने वही तपासली आहे की नुसती तारीख घातली आहे, हे न शिकलेल्या आईलाही कळते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा. एका वर्गात किती मुले आहेत आणि विज्ञानाला वेगळे शिक्षक आहेत का, हे विचारायला संकोच करू नये. आम्हालाही विचारा. आमची उत्तरे सगळीच चांगली नसतील, पण विचारलेले आम्हाला आवडेल.

आणि जिना. २४ मे २०१९ रोजी सरथाण्यातील तक्षशिला इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावर क्लासला आलेले २२ विद्यार्थी गेले. काहींनी जीव वाचवण्यासाठी वरून उड्या मारल्या. ती दृश्ये सुरतमध्ये ज्यांनी पाहिली त्यांच्या डोळ्यांपुढून ती जाणार नाहीत. त्यानंतर अग्निशमनाच्या परवानगीबाबत कडक तपासण्या झाल्या. तरीही शाळा असो की ट्यूशन, तुम्ही स्वतः पाहा, बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, त्यावर जुने बाक आणि रद्दी तर रचलेली नाही ना, खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या आहेत का. दुकानांच्या वर, पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या क्लासमध्ये फी कमी म्हणून मूल पाठवू नका.

कायदा आणि कागद

अमेरिकेत घराचा पत्ता सरकारी शाळा ठरवतो, म्हणून चांगल्या शाळेच्या हद्दीतली घरे महाग होतात आणि गरीब कुटुंबे हद्दीबाहेर राहतात. आपल्याकडे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली होती. एका वस्तीतली श्रीमंत-गरीब सगळी मुले एकाच शाळेत जावीत अशी ती. ती जशीच्या तशी उतरली नाही. पण १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात तिचा काही अंश आला. नवीन आलेल्या कुटुंबाला या कायद्याचा उपयोग असा.

सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, हेही सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारण्याचे कारण होत नाही. वर्षाच्या मध्यावर आलात तरी प्रवेश मिळतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणे आणि देणगी मागणे खासगी शाळेलाही मना आहे. हे सगळे आठवीपर्यंत. नववीला दाखला लागतोच, तेव्हा गाव सोडतानाच तो घेऊन निघा. हल्ली शाळांच्या यू-डायस नोंदणीत प्रत्येक मुलाचा कायम क्रमांक असतो. जुन्या शाळेने तिथून नाव मोकळे केले की नाही तेही विचारून या, नाहीतर दोन राज्यांच्या दोन मुख्याध्यापकांत फोन होत राहतात आणि मूल कागदावर कुठेच नसते.

खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात. त्यासाठी अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि घराच्या अंतराला त्यात महत्त्व आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐकावी. रहिवासाचा दुसरा पुरावा नसेल तर भाडेकरार नोंदणीकृत लागतो, नोटरीचा चालत नाही. दर वर्षी काही अर्ज याच एका कागदावर अडतात. उत्पन्नाची मर्यादा आणि तारखा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचाव्यात. गुजरातमध्ये २०२३ पासून पहिलीसाठी १ जूनला मुलाची सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, हेही ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रातला जातीचा दाखला येथे शिष्यवृत्तीला चालेलच असे नाही. त्याची चौकशी मामलतदार कचेरीत आधीच करावी.

फीबद्दल थोडक्यात. २०१७ च्या गुजरातच्या कायद्याने खासगी शाळांच्या फीला प्राथमिकसाठी वर्षाला १५,००० आणि माध्यमिकसाठी २५,००० रुपये अशी पातळी ठरवली. त्याहून जास्त घ्यायची असेल तर शाळेला फी नियमन समितीकडे जावे लागते. सुरत विभागाची समिती वेगळी आहे. मंजूर फी किती, हे विचारण्याचा पालकाला अधिकार आहे.

एक हिशेब

पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण वहीत सोडवावे. समजा, पहिल्या खोलीचे भाडे ५,००० रुपये असून शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. दुसऱ्या खोलीचे भाडे ३,८०० रुपये, पण दोन मुलांना रिक्षा लावावी लागते, प्रत्येकी महिना ९०० रुपये, वर्षातले दहा महिने. पहिल्या घराचा वर्षाचा खर्च ६०,००० झाला. दुसऱ्याचा भाड्याचा ४५,६०० आणि रिक्षाचा १८,०००, मिळून ६३,६००. स्वस्त खोली ३,६०० रुपयांनी महाग पडली. आता वेळ मोजा. जाताना पंचवीस आणि येताना पंचवीस मिनिटे जास्त लागतात असे धरले तर २२० दिवसांत ११,००० मिनिटे होतात, म्हणजे १८३ तासांहून जास्त. एवढ्या वेळात काय काय झाले असते, खेळणे धरून, त्याची यादी प्रत्येकाने स्वतः करावी.

घर मोठे असण्याचा यात फारसा संबंध नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील साताऱ्याहून मुलांना घेऊन मुंबईस आले, तेव्हा सारे कुटुंब परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहिले. पण भीमरावांचे नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले गेले आणि १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. सुभेदारांनी जागेत तडजोड केली, शाळेत केली नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. आपल्या समाजाच्या वाडीत लग्नसराईला गर्दी असते त्याच मे महिन्यात गावाकडची कुटुंबे सुरतला येत असतात. मे अखेर ते जून मध्यापर्यंत रोज सायंकाळी सहा ते आठ एक टेबल आणि दोन माणसे शाळेत बसवावीत, एक शिक्षक आणि एक माजी विद्यार्थिनी. त्यांच्याजवळ आपल्या पट्ट्यातील सर्व शाळांची यादी असावी, माध्यम, शेवटची इयत्ता, पाळीची वेळ आणि पावसाळ्यातला रस्ता यांच्यासह. आपली शाळा भरावी म्हणून हे टेबल नको. जे घर आपल्यापासून लांब आहे त्याला जवळची दुसरी शाळा आपणच सांगावी, मग ती गुजराती माध्यमाची का असेना. या मुद्द्यावर शिक्षकांतही दोन मते आहेत, कारण पट कमी झाला की तुकडी जाते. तरीही आमचे मत हेच आहे.

पालकांनीही शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला यावे. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आमच्या गेल्या सभेला किती आल्या ते आम्ही येथे छापत नाही.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : सहावी ते नववीच्या प्रत्येकाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा कार्डशीटवर काढावा. रेल्वे काळ्या रंगाने, खाडी निळ्या रंगाने, पाणी भरते ती जागा तिरक्या रेघांनी दाखवावी. वाटेतली प्रत्येक शाळा तिच्या क्रमांकासह लिहावी आणि ती कोणत्या इयत्तेपर्यंत आहे ते तिथे जाऊन विचारून लिहावे, ऐकीव नको. चालण्याची मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, शक्य असल्यास धाकट्या भावंडाबरोबर. नकाशे दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गशिक्षकांकडे द्यावेत. चांगले पंधरा नकाशे कार्यालयाबाहेरच्या त्या बाकाच्या वरच्या भिंतीवर लावले जातील.